संशय : दोष की धर्म?

संशय हा मनाचा रोग आहे, असे आपण ऐकत आलो, आणि ते खोटेही नाही. घरात संशय शिरला की घर मोडते. परंतु हल्ली एक व्यवसाय असा निघाला आहे की त्यात संशय घेणे हेच काम. बँकेच्या संगणकात चोर कोठून शिरेल हे आधीच शोधावयाचे आणि ती वाट बुजवण्याचा सल्ला द्यावयाचा. याला सायबर सुरक्षा सल्लागार म्हणतात. आपल्या सातारा-सांगलीकडचा एखादा मुलगा शिकून या कामात पडला, तर रोज चोराच्या डोक्याने विचार करता करता त्याचे चित्त शुद्ध राहील काय?

आधी काम समजून घेऊ. २०१८ च्या ऑगस्टात, ११ व १३ तारखेस, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरी कोणी फोडली नाही. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेला विचारते, "याला पैसे द्यावेत काय?" बँक खाते पाहून हो किंवा नाही म्हणते. चोरांनी मध्येच आपला एक खोटा जबाब देणारा बसवला. प्रश्न खात्यापर्यंत पोहोचेचना. हा आपला प्रत्येकाला "हो, द्या" म्हणे! नकली कार्डे घेऊन २८ देशांत माणसे उभी होती. सांगलीच्या शेजारी कोल्हापुरातही पैसे निघाले. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

म्हणजे बहुतेक चोरी झाली ती खाते न पाहता म्हटलेल्या 'हो'मुळे. सल्लागाराचा धर्म आम्हांस येथेच दिसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांस सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. नियम आले की तपासणी आली, तपासणी आली की अहवाल आला. समजा, संचालक म्हणाले, "अहो, खर्च फार होतो, यंदा 'ठीक आहे' एवढे लिहा." फी त्यांच्याच हातून यावयाची! भीड पडते. पण न पाहता 'ठीक' लिहिले, तर त्या खोट्या जबाब देणाऱ्यात आणि याच्यात अंतर ते काय राहिले? बँकेत ठेव कोणाची? हळद विकलेल्या शेतकऱ्याची, पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्याची. अहवाल त्यांना वाचता येत नाही. म्हणूनच तो खरा हवा.

मग संशय कोणावर घ्यावा? तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवतात, ते एकाला चोर समजून नव्हे. उद्या काही गेले तर निरपराध माणसावर आळ येऊ नये, हीही त्यातली सोय आहे. सल्लागाराने कुलपावर संशय घ्यावा, कारकुनावर नव्हे. फसव्या फोनला भुलून आपला गुप्त आकडा सांगून बसलेल्या म्हातारीला "अडाणी" म्हणून हिणवले, तर विद्या फुकट गेली. तिला पुन्हा कोणी फसवू शकणार नाही अशी व्यवस्था करणे, हे त्याचे काम.

असा संशय आम्ही दोष मानीत नाही. तो दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशाची काळजीच आहे. मात्र तोच संशय घरी, मित्रांत, शेजाऱ्यांत नेला तर रोग ठरेल. तेव्हा वाचकहो, या कामातला मुलगा सुटीस गावी आला म्हणजे पगार किती हे विचाराच, पण "बाबा रे, खरे लिहितोस ना?" हेही विचारा.