शेपटावर निभावले, त्यानंतर

संकट अंगाला चाटून गेले की ‘जिवावरचे शेपटावर निभावले’ असे म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे, आणि या उद्गारात सुटकेइतकीच हिशेब मिटल्याची भावनाही असते. देवापुढे नारळ फुटतो, घरी फार सांगायचे नाही असे ठरते आणि दुसऱ्या दिवशी काम पूर्ववत सुरू होते. कामगार-सुरक्षेचे शास्त्र मात्र हिशेब याच ठिकाणी उघडते. ज्या घटनेत कोणाला इजा झाली नाही, पण क्षणाचा किंवा वितीचा फरक पडला असता तर झाली असती, तिला टळलेला अपघात म्हणता येईल. अशा घटनेची आणि प्रत्यक्ष अपघाताची कारणे बहुधा एकच असतात. वेगळे असते ते फक्त नशीब.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावाच्या शिवारात या विचाराची कसोटी दिवाळीच्या तोंडावर लागते, कारण सोयाबीनची काढणी होऊन शेतोशेत बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली रास, लागलेली असते आणि पाऊस येण्याआधी मळणी उरकण्याची घाई असते. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची गती यंत्राला पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्यावर, मळणीयंत्र चालते. मोबदला कट्ट्यामागे ठरत असल्याने थांबणे म्हणजे नुकसान असते. यंत्राच्या तोंडाशी काड घालणाऱ्या बाईचा पदर ओढला जाऊन वेळेवर फाटला, तर ‘वाचली’ एवढ्यावर विषय संपतो. संध्याकाळी यंत्र पुढच्या गावाला जाते. उघडा शाफ्ट त्याच्याबरोबर जातो, त्याची माहिती मात्र मागेच राहते.

माहिती अशी एका जागी अडकल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात सापडते. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरणारे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि आतील ९२ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी सुमारे सहा आठवडे दुसऱ्या एका कंपनीचे विमान तशाच गैरसमजातून त्याच डोंगराला जेमतेम चुकवून गेले होते आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले होते; परंतु तो इशारा कंपनीच्या भिंतीबाहेर पोहोचला नाही. असे इशारे सर्वांपर्यंत पोहोचावेत यासाठी १९७६ साली सुरू झालेल्या गोपनीय निवेदन-व्यवस्थेचे काम हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या खात्याऐवजी नासा या संस्थेकडे सोपवण्यात आले. त्यामागचे तत्त्व असे की, जो हात शिक्षा करतो त्याच्याच कानात कोणी आपली चूक सांगत नाही.

भारतीय कायद्यालाही ही जाणीव आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ८८-अ, इजा झालेली असो वा नसो, विहित प्रकारच्या धोकादायक घटनेची सूचना देणे २०२५ पर्यंत व्यवस्थापकावर बंधनकारक करत होते. तर रेल्वेच्या अपघात-वर्गीकरणात टळलेली टक्कर आणि लाल सिग्नल ओलांडणे यांना धोकासूचक घटनांचा स्वतंत्र वर्ग आहे. शेताला मात्र असा व्यवस्थापक नाही. १९८३ चा धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम मळणीयंत्रांतील अपघात डोळ्यांसमोर ठेवूनच आला, पण त्याचा भर यंत्राच्या रचनेवर व विक्रीवर आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास एक लाख रुपये मिळतात. ही मदत आवश्यकच आहे, परंतु तिच्या कागदावर फाटलेल्या पदरासाठी रकाना नाही. पंचनामा होतो तो घडून गेलेल्याचा.

निसटत्या घटनेकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडते, हे विहिरीवरच्या मोटारीने समजते. स्टार्टरच्या पेटीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटणे म्हणजे वीज पेटीत उतरत असल्याची खूण होय. उन्हाळ्यात कोरडी जमीन आणि पायातील चप्पल यांमुळे शरीरातून वाहणारा प्रवाह कमी राहतो. पावसाळ्यात ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी त्याच पेटीला स्पर्श केल्यास तीच गळती प्राण घेऊ शकते. उन्हाळ्यातला ‘बारीक शॉक’ हा अशा प्रकारे पावसाळ्यातल्या मृत्यूचा आगाऊ निरोप ठरतो. फवारणीचे गणित याहून कठोर आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेला लागणाऱ्या कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात आणि तो भरून येण्यास वेळ लागतो. त्यामुळे काल नुसती चक्कर येऊन बरा झालेला मजूर आज कालपेक्षा कमी सुरक्षित असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा या विषयाकडे राज्याचे लक्ष गेले. चक्कर येण्याकडे मात्र एरवी उन्हाचा त्रास म्हणूनच पाहिले जाते.

हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्ये एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० इजारहित घटना असे प्रमाण मांडले होते. प्रत्येक कामाला ते लागू पडत नाही, हा त्यावरील आक्षेप योग्य आहे. किंबहुना घटना मोजण्यापेक्षा त्यांचे कारण पुढच्या माणसापर्यंत पोहोचवणे अधिक मोलाचे आहे. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. यंत्र कोणते, भाग कोणता, काय घडता घडता राहिले आणि कशामुळे राहिले, एवढ्या चार गोष्टी नावाशिवाय लिहिलेली वही गावात राहू शकते आणि हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत तिचे वाचन होऊ शकते. सांगणाऱ्या मजूर बाईचा रोज बुडणार नाही आणि यंत्रमालकाची बदनामी होणार नाही, एवढी हमी मात्र गावाने द्यावी लागेल, कारण ती नसेल तर वही कोरीच राहील, आणि कोऱ्या वहीचा अर्थ गाव सुरक्षित आहे असा लावला जाईल.

नारळ फोडण्यात गैर काहीच नाही. पुढच्या शिवारात यंत्र सुरू होण्याआधी शाफ्टवर झाकण बसले, तर तो नारळ कारणी लागला असे म्हणता येईल.