आशेचे मीठ
(सामान्यकाळातील पाचवा रविवार)



आज 8 फेब्रुवारी 2026. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ आणि जगाचा प्रकाश म्हणतो. मीठ आपल्याला नवे नाही. वसई-भाईंदरच्या मिठागरांतील पांढरे ढीग आपण लहानपणापासून गाडीच्या खिडकीतून पाहत आलो आहोत. मीठ कालवणात पडले की दिसेनासे होते. पण घालायचे राहून गेले तर पहिल्याच घासाला कळते. मूठभर जास्त पडले तरी तितकेच कळते.

मिठाचा आणखी एक उपयोग आपली भाषा सांगते, तो म्हणजे जखमेवर चोळण्याचा. ख्रिस्तसभा 8 फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता हिचे स्मरण करते. यंदा रविवार आल्यामुळे तिचा सण उपासनेत साजरा होत नाही. तरीही आज तिची आठवण करू या. कारण तिच्या बाबतीत जखमेवर मीठ चोळणे हा नुसता वाक्प्रचार नव्हता.

बखिताचा जन्म सुमारे 1869 साली सुदानमधील दारफुर येथे झाला. लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पळवून नेले. भीतीने ती आपले नावदेखील विसरली. पळवणाऱ्यांनीच तिला 'बखिता' म्हणजे 'भाग्यवान' हे नाव दिले. बाजारात ती अनेकदा विकली गेली. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर पिठाने नक्षी काढण्यात आली, ती नक्षी वस्तऱ्याने कापण्यात आली आणि व्रण कायमचे उमटावेत म्हणून जखमांत मीठ भरण्यात आले.

1883 साली खार्टुम येथील इटलीच्या वकिलाने तिला विकत घेतले. या घरात प्रथमच तिला मार बसला नाही. 1885 साली ती इटलीला गेली. तेथे एका कुटुंबाच्या मुलीला सांभाळता सांभाळता ती व्हेनिसच्या कनोसियन सिस्टरांकडे पोहोचली. आपल्या मुंबईत माहीम, अंधेरी येथे शाळा चालवणाऱ्या सिस्टर्स याच संस्थेच्या. मालकीण तिला परत आफ्रिकेत न्यायला आली, तेव्हा बखिताने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. 29 नोव्हेंबर 1889 रोजी न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्वाळा दिला. 9 जानेवारी 1890 रोजी तिचा स्नानसंस्कार झाला. पुढे तिने याच संस्थेत व्रते घेतली.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 साली ख्रिस्ती आशेवर 'स्पे साल्वी' हे विश्वपत्र लिहिले. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी बखिताचे उदाहरण दिले आहे. व्हेनिसच्या बोलीत धन्याला 'पारोन' म्हणतात. धनी म्हणजे काय हे बखिताने चाबकाखाली शिकले होते. तरी देवासाठी तिने हाच शब्द वापरला. कारण आता तिला असा धनी भेटला होता, ज्याने स्वतः फटके खाल्ले होते आणि जो तिला नावानिशी ओळखत होता. पुढे काहीही झाले तरी हा धनी माझी वाट पाहतो आहे, ही तिची आशा होती.

या आशेचे तिने काय केले? 1902 पासून ती स्किओ या गावच्या कॉन्व्हेंटमध्ये राहिली. तेथे तिने स्वयंपाक केला, शिवणकाम व भरतकाम केले आणि दार उघडले. होय, अनेक वर्षे तिचे काम दार उघडण्याचे होते. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा, दाराशी आलेल्या गरिबाशी चार शब्द बोलायचे. गावकरी तिला प्रेमाने 'सावळी मदर' म्हणू लागले. ज्यांनी तिच्या जखमांत मीठ भरले त्यांचे मीठ तिने पुढे कोणाच्या जखमेत जाऊ दिले नाही. ती स्वतःच त्या गावाचे मीठ झाली.

परंतु बंधू-भगिनींनो, तिची गोष्ट येथे संपवली तर ती अर्धवट राहील. शेवटच्या आजारात बखिताला गुलामीचे दिवस पुन्हा दिसू लागले. सेवा करणाऱ्या सिस्टरला ती विनवत असे की, साखळ्या जरा सैल करा, फार जड आहेत. स्वतंत्र होऊन पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती, व्रते घेऊनही पन्नास वर्षे झाली होती, आणि तरीही साखळ्या जड लागत होत्या! 8 फेब्रुवारी 1947 रोजी पवित्र मारियेचे नाव घेत तिने देह ठेवला. 1 ऑक्टोबर 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले. त्या साखळ्यांच्या आठवणीमुळे तिचे संतपण उणे झाले नाही.

हे आपण नीट लक्षात घ्यायला हवे. कारण दुःखी माणसापुढे आपल्याला फार घाई होते. तरुण मुलगा गेलेल्या आईला मयताच्या दिवशीच आपण सांगतो, 'देवाची इच्छा होती, रडू नका.' डायलिसिसवर असलेल्याला सांगतो, 'विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल.' शब्द श्रद्धेचे असतात, हेतूही चांगला असतो. पण ते मीठ जखमेत जाते. ज्याला रडू आवरत नाही त्याला वाटते, आपलाच विश्वास कमी पडला. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथकरांना सांगतो की, तो त्यांच्याकडे वक्तृत्व घेऊन आला नव्हता. तो दुबळेपणाने, भीत भीत आला होता. आपणही तसेच जाऊ या. शेजारी बसू या. दवाखान्यात रात्रीची एक पाळी घेऊ या. महिनामास झाल्यावर, जेव्हा त्या घरी कोणी येईनासे होते, तेव्हा एक डबा घेऊन जाऊ या. आशेचे मीठ असे विरघळते.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला तयार असा. म्हणजे आधी कोणीतरी विचारायला हवे! आपल्या आळीतील हिंदू किंवा मुस्लिम शेजाऱ्याने, ऑफिसातील सोबत्याने, 'एवढे होऊनही तुम्ही कसे उभे आहात?' असे आपल्याला कधी विचारले आहे काय? विचारले नसेल तर उत्तर पाठ करून उपयोग नाही. विचारावेसे वाटेल असे जगणे आधी हवे.

आणखी एक गोष्ट बोलणे कठीण आहे, पण टाळता येत नाही. 2015 पासून हाच दिवस ख्रिस्तसभेत मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. बखिताच्या गोष्टीत आपण स्वतःला बखिताच्या जागी पाहतो. पण आपल्यापैकी काही जण धनी आहेत. आपल्या घरी राहून काम करणाऱ्या मुलीला तिच्या नावाने हाक मिळते का? तिला सुट्टी आहे का? आपल्या वाडीत, आपल्या बांधकामावर राबणाऱ्या आदिवासी किंवा परप्रांतीय मजुराचा पगार वेळेवर होतो का? आजच्या पहिल्या वाचनात यशया सांगतो की, भुकेल्याला भाकर द्या, आपल्यामधील जोखड दूर करा, मग तुमचा प्रकाश अंधारात उगवेल. दिवा दिवठणीवर ठेवायचा तो असा. या माणसांना आपल्या घरात उजेड दिसला नाही, तर चर्चमधील मेणबत्त्यांचा त्यांना काय उपयोग?

2025 चे ज्युबिली वर्ष आपण 'आशेचे यात्रेकरू' म्हणून साजरे केले. 6 जानेवारी 2026 रोजी त्याची सांगता झाली. बॅनर उतरले. यात्रा मात्र आपल्या दारापासून पुढे चालूच आहे. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने असे एक घर आठवावे, जेथील साखळ्या अजून जड आहेत. तेथे जावे, कमी बोलावे, थोडा वेळ थांबावे.

हे प्रभो, तू आमचा धनी आहेस आणि तू आमच्यासाठी फटके सोसलेस. आमच्या हातून कोणाच्या जखमेत मीठ जाऊ देऊ नकोस. आम्हांला विरघळायला शिकव, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांना तुझी गोडी कळेल. आमेन.