दानाचा वाटा आणि बांगड्यांचा आवाज

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तसंप्रदायात झोळीला मोठा मान आहे. त्रैलोक्याचा धनी असूनही महाराज दुपारच्या भिक्षेला रोज कोल्हापुरात येतात, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. झोळीत काय पडले ते चारचौघे बघतात. ते कुठून आले, कसे आले, हे मात्र वाढणाऱ्या हातालाच ठाऊक असते. दत्तजयंतीच्या निमित्ताने आज मला याच दुसऱ्या गोष्टीविषयी चार शब्द लिहायचे आहेत. विषय मात्र अगदी आजचा आहे.

पूर्वी दिवाळी जवळ आली की आपल्याकडे बायका मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या आणि नंबर लावून नानकटाई भाजून आणायच्या. घरात भट्टी नव्हती ना! आता ओट्यावर ओव्हन आला आहे. सून, लेक, कधी निवृत्त झालेल्या काकूसुद्धा घरीच केक, नानकटाई, कणकेची बिस्किटे करून विकतात. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर असे घरगुती उद्योग गल्लोगल्ली दिसू लागले. घरच्या हाताची चव आणि दोन पैशांचा आधार, दोन्ही चांगलेच. आता त्यात आणखी एक चांगली गोष्ट आली आहे. खोक्यावर चिठ्ठी असते, “या विक्रीतील दहा टक्के रक्कम अनाथाश्रमास.”

वाचून बरे वाटते. पण मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्यामुळे मन तिथे थबकते. दहा टक्के म्हणजे कशाचे दहा टक्के? हे दान झाले की जाहिरात? आणि दान असेल, तर ते कोणाचे?

आधी साधा हिशेब मांडू. समजा, एका ताईंची साजूक तुपातली नानकटाई ५०० रुपये किलोने जाते. किलोमागे साहित्याचे २७० रुपये, त्यातले बहुतेक तुपाचेच. विजेचे १५, खोक्याचे १५ आणि मदतीला येणाऱ्या मावशींचे ५०. एकूण ३५० झाले, हाती उरले १५०. आता दहा टक्के विक्रीवर काढले तर ५० रुपये होतात, म्हणजे उरलेल्यातला तिसरा हिस्सा! उरलेल्यावर काढले तर १५ रुपये. दिवाळीत १०० किलो माल गेला, तर एका हिशेबाने ५,००० रुपये द्यायचे आणि दुसऱ्याने १,५००. चिठ्ठीवर ‘विक्रीतील’ लिहायचे आणि द्यायचे मात्र नफ्यातले, तर मधले ३,५०० रुपये कोणाचे? गिऱ्हाइकाने ते आश्रमाला म्हणून मनाने देऊन टाकलेले असतात. ते घरात राहिले, तर दानाच्या नावाने घेतलेले पैसे घरात राहिले. चोरी हा शब्द कडक वाटेल, पण सौम्य शब्द शोधायला गेले तर सापडत नाही.

यात ताईंची नियत वाईट असते असे नाही. पुष्कळदा विक्री आणि नफा यांतला फरकच मनात स्पष्ट नसतो. म्हणून पहिली गोष्ट, शब्द नेमका असावा. ‘नफ्यातील दहावा भाग’ असे लिहायला काय हरकत आहे? आकडा लहान दिसेल एवढेच. लहान दिसण्याला आपल्या संप्रदायात कधीच कमीपणा नव्हता. श्रीगुरुचरित्रातला भास्कर ब्राह्मण तिघांपुरता शिधा बांधून गाणगापुरी आला होता. लोकांनी त्याची थट्टा केली, पण महाराजांनी त्याच शिध्याची समाराधना करायला लावली आणि हजारो पाने उठली. तिथे शिध्याचे वजन कोणी केले नाही. तो त्याचा स्वतःचा होता, हे महत्त्वाचे.

आता दुसरा प्रश्न. वर उरलेले १५० रुपये म्हणजे तरी नफा का? पहाटे उठून पीठ फेटणारे, ओव्हनपुढे उभे राहणारे हात ताईंचेच. त्या कष्टांची मजुरी त्या दीडशेतच आहे. आणि मावशींना मिळणारे पन्नास रास्त आहेत का? मावशींच्या पन्नासाचे चाळीस करायचे आणि ते दहा रुपये अनाथाश्रमाला पाठवायचे, तर पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होईल? दान मावशींनी केले, नाव ताईंचे झाले. गिरणीवाल्याची, किराणा दुकानाची उधारी थकवून पावती फाडली, तरी तेच. उधारी हे दुसऱ्याचे धन. दुसऱ्याच्या धनाचे दान होत नाही.

तुकोबांनी धनाविषयी सांगताना ते कसे जोडले हे आधी पाहिले आणि मग ते कसे खर्चावे याकडे वळले. क्रम महत्त्वाचा आहे. व्यवहार चोख असेल तरच त्यातून निघालेला वाटा दान ठरतो.

या बाबतीत मला गिरगावातल्या त्या सात गृहिणींची नेहमी आठवण होते. १९५९ साली त्यांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे तोच लिज्जत पापड झाला. तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण आणि नफा-तोटा सगळ्यांचा. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे, २०२१ साली, पद्मश्री जाहीर झाली. मला त्यात मोठा धर्म दिसतो. गरजू बाईला दान देण्याऐवजी तिला काम दिले आणि कामाचे पूर्ण दाम दिले, तर तिला हात पसरावा लागत नाही. घरगुती उद्योगाचे पहिले दान उंबऱ्याच्या आतच असते, मदतीला येणाऱ्या मावशींच्या ओंजळीत. ते नीट झाले की मग बाहेरचे.

कोणी म्हणेल, “अहो, एवढा कीस काढत बसलात तर कोणी देणारच नाही. चिठ्ठी पाहून चार गिऱ्हाइके जास्त आली, आश्रमाला चार पैसे जास्त गेले. बिघडले कुठे?” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोरांच्या ताटात पडलेला भात देणाऱ्याचा हेतू विचारत नाही. राजस दानानेही पोट भरते. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले, ते घेणाऱ्यासाठी नव्हेत, देणाऱ्यासाठी. परतफेडीच्या आशेने किंवा फळावर नजर ठेवून दिले ते राजस. देणे आपले कर्तव्य म्हणून, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी दिले ते सात्त्विक. तेव्हा आश्रमाचा फायदा दोन्हीकडे सारखाच. फरक पडतो तो आपल्या चित्तात. चिठ्ठीमुळे विक्री वाढली, तर ती चिठ्ठी धंद्याच्या खर्चात धरावी, दानाच्या खात्यात नको. एवढे मनाशी कबूल केले तरी पुष्कळ झाले.

मग सांगायचे की सांगायचेच नाही? इथे मला अवधूतांची गोष्ट आठवते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक कुमारिका आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आले, तेव्हा घरची माणसे बाहेर गेली होती. पाहुण्यांच्या जेवणासाठी ती आत एकटीच भात कांडू लागली, तशा हातातल्या बांगड्या खळखळू लागल्या. तिला लाज वाटली. मग ती एकेक बांगडी उतरवत गेली. दोन-दोन राहिल्या तरी आवाज येईना का! शेवटी हातात एकेकच ठेवली आणि काम निमूट पार पडले.

अवधूतांनी यातून एकांताचा धडा घेतला. ते संन्यासी, त्यांना तो शोभतो. आपण गृहस्थ. आपल्यासाठी त्या स्वयंपाकघरात आणखी एक धडा आहे. ती पोर काही वाईट करत नव्हती. अतिथीसाठी राबत होती, म्हणजे पुण्याचेच काम. पण काम जसे जोरात, तसा आवाजही जोरात. आपल्या देण्याचेही असेच होते. खोक्यावर चिठ्ठी ही एक बांगडी. आश्रमात मुलांसोबत फोटो ही दुसरी. तो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवणे ही तिसरी. “आम्ही काय, फूल ना फुलाची पाकळी” असे चारचौघांत नम्रपणे सांगणे ही चौथी, आणि ती सगळ्यांत जास्त वाजते! ज्या मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन फोटो काढला, ते मूल उद्या मोठे होईल. तो फोटो त्याला आवडेल का, याचा विचार आपण करतो का?

पण बघा, त्या कुमारिकेने हात मोकळे केले नाहीत. एकेक बांगडी ठेवलीच. सौभाग्याची, घराची खूण म्हणून ती हवीच होती. तसेच, दुसऱ्यांचे पैसे ज्यात मिसळले आहेत त्या दानाबद्दल एक शब्दही न बोलणे बरोबर नाही. गिऱ्हाइकाला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. तेव्हा एक बांगडी राहू द्यावी, ती हिशेबाची. किती विकले, किती उरले, किती कुठे दिले, पावती कुठे आहे, हे कोणी विचारले तर वही पुढे ठेवावी. बाकीच्या उतरवाव्यात. घेवड्याच्या वेलाच्या कथेतही हेच आहे. भिक्षेला आलेल्या श्रीगुरूंना त्या गरीब कुटुंबाने घरात होती ती घेवड्याची भाजी वाढली. महाराजांनी जाताना वेल उपटला. बाईने दुःख केले, नवऱ्याने तिची समजूत घातली, आणि मूळ खणताना द्रव्याचा कुंभ लागला. आपण ही कथा ‘दिले की मिळते’ अशी सांगतो. पण वाढताना त्यांना कुंभाचा पत्ता नव्हता, आणि तो सापडल्यावर महाराजांनी त्यांना ही गोष्ट कोणाला सांगू नका असेच बजावले.

शेवटी काय द्यावे आणि कोणाला, याविषयी थोडे. ऑर्डर रद्द झाली म्हणून उरलेला केक आश्रमात पोचवणे हे अन्न वाया न घालवणे झाले. चांगलेच आहे, पण त्याला दान म्हणून मिरवू नये. शिळे झालेले, वास बदललेले तर मुळीच देऊ नये. आपल्या घरच्या नैवेद्याला जे चालणार नाही, ते दुसऱ्याच्या पानात कसे चालेल? वृद्धाश्रमात गोड नेण्याआधी विचारावे. तिथे अनेकांना साखर असते, त्यांना केकपेक्षा ज्वारीचे पीठ किंवा औषधाचे पैसे हवे असतात. मठात, मंदिरात प्रसादासाठी काही देताना अंडे आहे की नाही हे विचारण्याआधीच सांगावे. पाकिटावर शाकाहारासाठी हिरवी खूण असते, ती कायद्यासाठी आहे तशी विश्वासासाठीही आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेणे, भांडी स्वच्छ ठेवणे, वजन पुरते भरणे, ही कामे दानाइतकीच पवित्र आहेत. वजनात वीस ग्रॅम मारून आश्रमाला पोते दिले, तर ते देवाला चालत नाही.

आणि किती द्यावे? मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चण्याचे बंधन घातले आहे. घरगुती ओव्हनला असे बंधन नाही. तिथे कायदा आपल्या मनाचा. अवधूतांच्या गुरूंमध्ये मधमाशीही आहे. ती सगळे साठवून ठेवते आणि साठ्यासकट नाश पावते. म्हणून सगळे धरून ठेवू नये. पण मुलांची फी थांबवून, नवऱ्याशी वाद घालून, कर्ज काढून देणेही गृहस्थाला सांगितलेले नाही. आपल्या घरी पूर्वी जेवणाआधी गोग्रास निघायचा, काकबळी निघायचा. तो घास लहानच असे, पण रोज निघे, आणि आपल्या ताटाआधी निघे. कोणी टाळ्या वाजवत नसे. गाय पावती देत नसे.

ज्या ताई, ज्या सुना आज घरी ओव्हन लावून उद्योग करताहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. तुमचा उद्योग हा तुमचा धर्म आहे, त्यात कमीपणा नाही. उधारी चुकती करा. मदतीच्या हाताला पुरते द्या. स्वतःच्या कष्टांचेही मोल लावा. मग जे उरेल त्यातला लहानसा वाटा, दहावा म्हणा, विसावा म्हणा, वेगळ्या डब्यात टाकत जा. दर पौर्णिमेला डबा उघडा, ज्याला द्यायचे त्याला काय हवे ते विचारा आणि देऊन या. वहीत एक ओळ लिहा. आणि घरी आल्यावर पुढच्या घाण्याचे पीठ मळायला घ्या.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥