हलगी कुणी शिकायची?

पोरांच्या हातात वाद्य द्या, पोरं वाया जात नाहीत, असं आमच्या भागातली जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे. सुगीनंतर रिकामं हिंडणारं पोरगं भजनात बसवलं की त्याच्या वागण्यात फरक पडतो, हे मी पाहिलंय. तालात राहायचं तर शेजारच्याचं ऐकावं लागतं, आपली पाळी येईपर्यंत दम धरावा लागतो. पण संगीत शिकवलं की समाजच बदलतो, असं कुणी म्हणालं की मी जरा थांबतो. वाद्य कोणतं? शिकवणारा कोण? आणि शिकणारं पोरगं कुणाचं?

आमच्या गावात वाजवायला शिकण्याच्या दोन जागा होत्या. एक विठ्ठलाचं देऊळ. तिथं पोरं आधी टाळ धरायची, हात बसला की पखवाजावर जायची. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावणं हा पहिला धडा. दुसरी जागा मांगवाड्यातलं अंगण. तिथं पाचट पेटवून त्यावर हलगी शेकायची, कातडं ताणलं की दोन काड्या हातात घ्यायच्या, एक आखूड जाड, एक लांब बारीक. कुस्तीच्या मैदानात खडाखडी चालू असताना हलगी वेगळी वाजते, डाव लागत आला की वेगळी. वरातीची चाल निराळी, मयतापुढची निराळी. हे सगळं तिथल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना तोंडपाठ असायचं. देवळातल्या पोराला गाव म्हणायचं, ‘भजन शिकतोय.’ अंगणातल्या पोराला गाव काहीच म्हणायचं नाही. ते त्याचं कामच होतं.

खरं बघितलं तर पखवाजाचं तोंड कातड्याचं, ते आवळणाऱ्या वाद्याही कातड्याच्या. हलगीही कातड्याचीच. एक कातडं देवासमोर बसलं, दुसरं पायरीबाहेर राहिलं. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी शेकडो वर्षं गायले, टाळ-पखवाजाच्या साथीनं गायले. तरी त्यांच्या जातभाईंना आत पाऊल टाकता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. नुसत्या गाण्यानं माणूस बदलला असता, तर त्या उपोषणाची गरजच पडली नसती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्याच मुलखातल्या कुरुंदवाडला १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी डोळे अधू झाले, तरी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्यांच्या आणि दरबारांच्या उंबऱ्याआड असलेलं गाणं त्यांनी वर्गात आणलं. हे मोठंच काम. त्याच वाटेनं पुढं तबल्या-पेटीचे क्लास आमच्या तालुक्यापर्यंत आले. हलगीचा क्लास मात्र कुणी काढला नाही. दार उघडलं ते काही वाद्यांसाठी.

मग एका वर्षी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी हलगीचं पथक काढायचं ठरवलं. हेतू चांगला होता. मी तेव्हा शाळेच्या समितीवर होतो. ज्या घरात तीन पिढ्या हलगी होती, तिथला मुलगा पथकात पहिला असणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्याचा बाप शाळेत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “गुरुजी, माझ्या पोराला हलगी नगं. पेटी शिकवा, तबला शिकवा, न्हाईतर इंग्रजी शिकवा. माझ्या बानं जल्मभर हलगी बडवली. पैकं कुणी हातात दिलं न्हाईत, वरनं टाकलं.”

बैठकीत कुणीतरी म्हणालं, “अशानं कला मरंल की!” मरेलही. पण ज्या कलेपायी एका घरानं एवढा अपमान सोसला, ती जगवायची जबाबदारी त्याच घराच्या पोरावर का? १९५६ च्या धर्मांतरानंतर कितीतरी गावांत बौद्ध झालेल्या लोकांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही होतं. त्यांचं गाणं बंद पडलं नाही. वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक आंबेडकरी विचार गात गावोगाव हिंडले. त्याआधी वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. सांगितलं म्हणून वाजवायचं, हे या लोकांनी सोडलं. काय गायचं आणि कुणापुढं गायचं, ते स्वतः ठरवलं. माझ्या मते संगीताचं खरं शिक्षण ते. त्यात नाही म्हणायचा हक्कही येतो.

हेडमास्तर शहाणे होते. त्यांनी पोराचा नाद सोडला आणि आज्याला विचारलं, “आबा, तुम्ही शिकवायला याल का?” आबांनी थोडा विचार केला. म्हणाले, “नातू शिकायचा न्हाई. तुमची पोरं शिकणार आसली तर येतो.” वर्गात त्यांना खुर्ची मिळाली, महिन्याचं मानधन पाकिटात घालून हातात मिळालं. नातू शनिवारी तालुक्याला तबला शिकायला जाऊ लागला.

गावाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. नातवानं तबला शिकण्याला कुणाची हरकत नव्हती. गरिबाचं पोर पुढं जातंय म्हणून कौतुकच झालं. पण “आमच्या पोरानं हलगी गळ्यात अडकवायची? आन् ती बी त्येच्याकडनं शिकायची?” असं म्हणत काहींनी पथकातली नावं काढून घेतली. राहिलेली पोरं शिकली. काड्या चुकीच्या धरल्या की आबा बोटं धरून नीट बसवायचे. ज्या वाड्याच्या दारात ते आयुष्यभर खाली बसले, त्याच वाड्यातला एक मुलगा रस्त्यात भेटला की “नमस्कार, गुरुजी” म्हणायचा. पहिल्यांदा आबांनी मागं वळून बघितलं, आणखी कोण गुरुजी येतायत म्हणून.

एवढ्यानं गाव बदललं का? नाही. आबांच्या घराला जमिनीचा तुकडा मिळाला नाही. लग्नकार्यात काही घरं त्यांच्यापुढं अजून कागदी कप करतात आणि बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देतात. वाद्यानं ही कामं होणार नाहीत. त्यासाठी कायदा लागतो, मजुरी लागते, भांडायची तयारी लागते.

पण एक गोष्ट मला पटली आहे. गरिबाच्या पोराला आपलं वाद्य शिकवणं सोपं असतं, कारण देणारा वरच राहतो. त्याच्या आज्याकडून शिकायला आपलं पोर खाली बसवणं अवघड. ते ज्या गावाला जमतं, तिथं पोराला ताल तर येतोच, शिवाय आपण कुणाकडून काय घेतलं हेही कळतं. आणि ज्याचं घेतलंय, त्याच्यापुढं पैसे वरून टाकताना हात जरा तरी अडतो.