घालणारे आणि काढणारे

डोंबिवलीतल्या एका सोसायटीने तळमजल्यावर, टपालपेट्यांच्या शेजारी, माशांची तीन फुटी टाकी ठेवली होती. वर्गणीतून घेतलेली, म्हणून सगळ्यांची. तिच्यात झेब्रा होते, तळाशी फिरणारे कोरीडोरस होते, एक लहान एंजल होता आणि चार गप्पी. पिल्लांची कटकट नको, असं कमिटीत आधीच ठरलं होतं. म्हणून गप्पी आणताना सगळ्या माद्याच आणल्या.

तरी एका सकाळी शाळेला निघालेली एक मुलगी टाकीपाशी थबकली. झाडाच्या मुळाशी काहीतरी हललं होतं. दप्तर खाली ठेवून तिने काचेला नाक लावलं. जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं! अंग आरपार दिसणारं, त्यात दोन मोठे काळे डोळे. तिने जिन्यातूनच हाका मारल्या आणि पाच मिनिटांत अर्धी सोसायटी खाली जमा झाली.

नर नाही, मग पिल्लं आली कुठून? तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी मुलांना समजावलं. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लंच देते. दुकानाच्या टाकीत नर-मादी एकत्र असतात. तिथे एकदा संयोग झाला की मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने राखून ठेवते आणि पुढे साधारण महिन्या-महिन्याने व्यायला लागते. माद्याच आणून काही साधत नाही. पोटाच्या मागच्या बाजूचा काळा डाग मोठा झाला की दिवस भरत आले, हेही त्यांनी दाखवलं.

संध्याकाळी पिल्लं निम्मी राहिली होती. काही एंजलने टिपली आणि एक तर मुलांच्या डोळ्यांदेखत आईनेच गिळलं. मुलं रडवेली झाली. "वाईट आई आहे," असं एकजण म्हणाला. गुरुजी म्हणाले, "तिला नावं ठेवू नकोस रे. आपलं कोण, परकं कोण, हे तिला कळत नाही. तोंडासमोर हललं की ते खाणं, एवढंच तिला ठाऊक. आपण पिल्लांना आडोसा देऊ." मला या गोष्टीतलं हे वाक्य फार मोलाचं वाटतं. राग करण्यात संध्याकाळ गेली असती, तर राहिलेलीही गेली असती.

त्याच रात्री दुकानातून हॉर्नवर्टचे झुपके आणि जावा मॉस आणलं. झुपके वर तरंगत सोडले, मॉस तळाशी दगडाला बांधलं. फिल्टरच्या ओढीत पिल्लं जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला स्पंज बसवला. दुसऱ्या दिवशी मुलांनी मोजली, ती अठरा भरली.

आणि मग सगळ्यांना त्यांची माया आली.

ऑफिसला जाणारे जाता जाता चिमूटभर खाऊ टाकत. शाळेतून येणारी मुलं टाकत. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चालतो, असं कुणाकडून तरी कळलं, तेव्हा एका काकूंनी प्रेमाने अर्धा बलक कुस्करून घातला. चालतो, पण सुईच्या टोकावर मावेल एवढाच. रात्री उशिरा येणाऱ्यांना वाटे, आज यांना कुणी विचारलं असेल की नाही कोण जाणे, आणि तेही डबा उघडत. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं.

चौथ्या दिवशी पाणी पिठूळ दिसायला लागलं. सेक्रेटरींनी काळजीपोटी फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली स्वच्छ धुतला आणि त्याने प्रकरण आणखी चिघळलं. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की पाण्यात अमोनिया होतो. तो माशांचे कल्ले भाजतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जीवाणू त्याचा बंदोबस्त करत असतात, पण ते सावकाश वाढतात, एकाएकी पडलेला बोजा त्यांना पेलत नाही आणि क्लोरीनच्या नळाखाली ते मरतात. सहाव्या दिवशी मोठे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते. पिल्लं अकरा राहिली होती.

रात्री मीटिंग भरली. कुणी दुकानदाराला बोल लावला, कुणी एंजलला. "माझी मुलं तर दिवसातून एकदाच घालतात," असं प्रत्येक घर म्हणत होतं आणि प्रत्येक घराचं खरंही होतं. जिना झाडणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. टाकीची काच रोज त्याच पुसत. त्या म्हणाल्या, "मी बोलू का? रोज सकाळी तळाशी बोटभर गाळ दिसतो मला. घालणारे पन्नास हात आहेत, काढणारा एक नाही. पोरांना भूक नाही मारत साहेब, आपली घाण मारते."

कुणी काही बोललं नाही. मग गुरुजी उठले आणि त्यांनी खाऊचा डबा मावशींच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून टाकीचं काम मावशींच्या सांगण्याने चालू झालं, त्याच्या वेगळ्या पगारासह. हे मुद्दाम लिहितो, कारण असली कामं फुकटात पदरात टाकायची आपल्याकडे वाईट सवय आहे. एक दिवस कुणालाच खाऊ नाही. मोठे मासे दोन-चार दिवस सहज उपाशी राहतात. रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं, तेही आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. गाळ काढायला पातळ नळी. तिच्या तोंडाला मलमलची चिंधी बांधायची, नाहीतर गाळाबरोबर पिल्लूही ओढलं जातं. मावशी नळीचं टोक वाळूच्या जरा वर धरत आणि मुलगी बादलीशी उकिडवी बसून पाण्यात कुणी आलं तर नाही ना, ते बघे. खाऊ बोटांनी चुरून दिवसातून तीनदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच.

मावशींनी एक नियमही केला: ज्याला खाऊ घालायचा आहे, त्याने त्या दिवशीची बादली भरायची. पहिल्या आठवड्यात हौशी लोक निम्म्याने कमी झाले. जे उरले, त्यांच्या जोरावर टाकी सुधारली. पाणी निवळलं, मासे खाली उतरले. पुढे अकरापैकी नऊ पिल्लं जगली. दीड महिन्यात नरांच्या शेपट्यांना नारिंगी-निळा रंग भरला.

तोवर दुसरं वेत आलं होतं आणि टाकी भरू लागली. खाडीकडच्या तळ्यात सोडून देऊ, अशी एक सूचना आली. गुरुजींनी ती मोडून काढली. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेची. डासांच्या अळ्या खाते म्हणून ती इथे आणली गेली. पण उघड्या तळ्यात ती बेसुमार वाढते आणि आपल्या देशी माशांच्या वाट्याचं खाते. आपल्याला जड झालेला जीव दुसऱ्याच्या घरात लोटायचा नाही, असं त्यांनी ठणकावलं. नर-मादी वेगळे केले आणि पिल्लं मागेल त्याला द्यायची ठरवली. अट एकच: मागणाऱ्याने आधी महिनाभर सोसायटीच्या टाकीची बादली उचलायची. सहा जणांनी नावं दिली, चौघांनी महिना पुरा केला आणि त्या चार घरांत आज गप्पी आहेत.

तुमच्याही टाकीत कधी न मागता पिल्लं आली, तर खाऊचा डबा उघडण्याआधी उद्याचं पाणी बादलीत भरून ठेवा.