घोडा, फियाट आणि कलम सतरा

आमच्या घराण्यात आजवर कोणी इंजिन उघडले नव्हते. इंजिन मिस्त्रीने उघडायचे आणि आपण शेजारी उभे राहून दर पाच मिनिटांनी "किती होतील?" एवढेच विचारायचे, अशी आमची परंपरा. ती मी मोडली. वडिलांच्या फियाटचा निळा धूर पाहून कोरेगावच्या मिस्त्रीने जो आकडा सांगितला, तो ऐकून माझाच धूर निघाला. बोअर मारायचे, चार नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. मी पडलो बी.कॉम. आकडा ऐकला की मला आधी पर्याय सुचतो, पश्चात्ताप मागाहून होतो.

फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कोणीच म्हटले नाही. ती आणि मी साधारण एका वयाचे. सकाळी उठताना दोघेही सारखेच खोकतो.

लागून आलेल्या सुट्ट्यांत शेजाऱ्याच्या लिंबाला साखळीची कप्पी टांगून इंजिन उतरवले आणि पडवीत मांडले. बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, व्हाउचरसारखी. चारही पिस्टन नंबर घालून पेपरावर ओळीने ठेवले. "अहो, हे सगळं परत आत जाणार आहे ना?" बायकोने विचारले. हा प्रश्न मला विचारण्यासारखा नव्हता.

आता थोडे तांत्रिक, पण ऐकून घ्या, कारण पुढचे सगळे पाप इथेच दडले आहे. बोअर झिजते ते वरच्या बाजूला जास्त. ते मोजायची गरिबाची रीत अशी, की नवी रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा करून तिला सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. एकदा वर, एकदा खाली. दोन फटींमधल्या फरकाला 3.14 ने भागले की व्यासातली झीज हाती येते. माझा फरक आला 0.6 मिलिमीटर, म्हणजे झीज 0.19. मूळ बोअर 68 मिलिमीटरचे, त्यात 0.19 म्हणजे आमच्या भाषेत किरकोळ. सस्पेन्स खात्यात टाकावे आणि घरी जावे. पण इंजिनला सस्पेन्स खाते नसते. वर रुंद आणि खाली अरुंद अशा नळीत रिंग मिनिटाला हजारो वेळा उघडझाप करते, थकते, आणि मग ऑईल पुन्हा वर चढून जळू लागते. यावर इलाज एकच. सगळे बोअर खरवडून एकसारखे मोठे करायचे आणि मोठे पिस्टन घालायचे. झिजलेले दुरुस्त करायला आणखी झिजवायचे, आणि त्याचेही पैसे द्यायचे!

ते मी केले नाही. नव्या रिंगा घातल्या, बेअरिंग बदलली, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, बोअरची वरची कड खरवडली, आतून पॉलिश पेपर फिरवला आणि हेड बंद केले. हेड बंद केले की 0.19 जगात फक्त मला माहीत.

गाडी सुरू झाली. धूर नाही! मिस्त्री येऊन पाहून गेले. म्हणाले, "सायेब, जरा जाडं ऑईल घाला. वरीसभर कुणाला कळायचं न्हाई." बायको म्हणाली, "चांगली चालतेय तोवर विकून टाका." 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हापासून जुन्या फियाटकडे लोक जरा मायेने बघू लागले होते. म्हणून रहिमतपूरकडचे एक शिक्षक आले.

"इंजिनचं काम झालंय ना?"

"झालंय."

"कुणाकडून करून घेतलंत?"

"मी स्वतःच केलंय."

"मग प्रश्नच नाही," सर म्हणाले. "घरच्या माणसानं केलंय म्हणजे मनापासून केलं असणार. आईला कार्तिकीला पंढरपूरला न्यायचंय." रविवारी विसार घेऊन येतो म्हणाले.

बघा, मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. तरी रात्री झोप येईना. शेवटी उठून कॉलेजातले व्यापारी कायद्याचे पुस्तक काढले. 1872 चा करार कायदा, कलम 17. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे तिथे सरळ लिहिले आहे. सोबत उदाहरणही आहे. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकला. आमची बँकसुद्धा जप्तीच्या गाड्या "जशी आहे, जेथे आहे" म्हणूनच विकते. त्या नोटिसा मीच टाईप केल्या आहेत, आणि एकदाही माझी झोप उडालेली नाही.

चहा गाळता गाळता खालचे उदाहरण वाचले. तोच घोडा, पण घेणारी विकणाऱ्याची मुलगी, नुकतीच सज्ञान झालेली. तर मात्र खोट सांगणे त्याचे कर्तव्य!

आमची मुलगी नुकतीच अठराची झाली. आठवड्यापूर्वी तिने विचारले होते, "बाबा, फियाट महाबळेश्वरला नेऊ?" आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो होतो, "पसरणीच्या घाटात नको. बोअर झिजलंय."

इंग्रजांचे ठीक होते. त्यांना परका आणि आपला यांच्यात रेघ मारता येत होती. कोरेगाव तालुक्यात ती कुठे मारायची? सरांची चुलती आमच्या शाखेत पेन्शनला येते, त्यांचा मेहुणा माझ्या भावाबरोबर शाळेत होता. आणि समजा, ओळखदेख काही निघाली नसती, तर मग त्यांच्या आईने पंढरपूरच्या वाटेवर धुरात बसायला हरकत नव्हती काय? याचे उत्तर पुस्तकात सापडेना. चहा गार झाला.

रविवारी सर आले. मी फीलर गेजपासून 0.19 पर्यंत सगळे सांगून टाकले. ऐकून सर गंभीर झाले. "आणखी काय आहे?" त्यांनी हळूच विचारले. आणखी काही नव्हते, पण ते त्यांना पटेना. एवढे आपणहून सांगणारा माणूस केवढे लपवत असेल! ते उठून तडक मिस्त्रीकडे गेले. तासाभराने परतले ते बोअर आणि पिस्टनचा आकडा चिठ्ठीवर लिहून, आणि तेवढी रक्कम त्यांनी किमतीतून वजा केली. जी दुरुस्ती मी पैसे वाचवायला टाळली होती, ती शेवटी माझ्याच पैशाने झाली, फक्त सरांच्या गाडीत. "अहो, मग आधीच का नाही केली?" बायको म्हणाली. हा प्रश्न तिने अजून मागे घेतलेला नाही.

सर अधूनमधून बँकेत येतात. खिडकीतून फियाट थांबलेली दिसते. मी आधी त्यांना नमस्कार करीत नाही, आधी सायलेन्सर बघतो.