वळीव, वेधशाळा आणि काकांचा रेनकोट

मे महिन्यातली दुपार. चार वाजून गेलेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सात-आठ माणसं पूर्वेकडे तोंड करून उभी आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, भूगोलाच्या एक शिक्षिका, कॉलेजातली दोन-तीन मुलं. दौंडच्या बाजूला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगत चाललाय. वेधशाळेने सकाळीच पिवळा इशारा दिलाय: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.

"काका, आज नक्की. माथा पसरायला लागलाय बघा."

"कसला नक्की! वारा अजून वायव्येचाच आहे. आणि वेधशाळेने पाऊस सांगितलाय म्हणजे छत्री घरी ठेवायला हरकत नाही."

हशा पिकतो. हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मौज अशी, की तो करणाऱ्या काकांच्याच पिशवीत घडी घातलेला रेनकोट असतो.

तो रेनकोट तिथे का आला, हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही. ज्या अंदाजावर विश्वास नाही, त्याच्यासाठी माणूस पिशवी का भरतो? संशय घ्यायचा तर कुठवर घ्यायचा? भारतीय तत्त्वज्ञ या प्रश्नावर कित्येक शतकं भांडले आहेत, आणि भांडताना त्यांनी उदाहरणं घेतली तीही पावसाचीच.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार येतात. त्यांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने पहिल्यासाठी ढगाचं उदाहरण दिलं: ढग चढून आला, की पाऊस पडणार असं समजावं. दुसऱ्यासाठी नदीचं: पात्र दुथडी भरून, जोराने वाहू लागलं, तर वरच्या अंगाला पाऊस झालेला असणार. एकात कारणावरून कार्याकडे जायचं, दुसऱ्यात कार्यावरून कारणाकडे. टेकडीवरचा मेळा आणि वेधशाळा, दोघंही पहिलंच काम करतात. फरक साधनांचा.

शंकेखोर पक्षही त्याच ग्रंथात हजर आहे. तो विचारतो, नदी फुगली ती खाली कुठे पाणी अडल्यामुळे कशावरून नाही? मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो म्हणता. त्यांचं वारूळ कोणी उकरलं असेल तर? मोर ओरडला म्हणता. एखाद्या माणसाने मोराची नक्कल केली असेल तर? खुणा अशा फसव्या असतील, तर अनुमानाला प्रमाण मानायचंच कशाला? नैयायिकाचं, म्हणजे न्यायमताच्या पंडिताचं, उत्तर कोणत्याही गावच्या जुन्या शेतकऱ्याला पटेल असं आहे. अडलेलं पाणी आणि पुराचं पाणी एकसारखं दिसत नाही. पुराच्या पाण्याला ओढ असते, फेस असतो, त्यातून पालापाचोळा आणि लाकडं वाहत येतात. ज्याने एवढं न बघता अनुमान काढलं, चूक त्याची, अनुमानाची नव्हे.

नदीबाबत हे उत्तर चालून जातं. ढगाचं काय? चढून आलेला ढग पुष्कळदा तोंडाला पानं पुसून जातो, हे टेकडीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने नेमकं इथेच बोट ठेवलं. कारणांची सगळी जुळणी दिसली, तरी तिच्यावरून कार्य घडेलच असं म्हणता येत नाही, कारण मध्ये अडथळा येऊ शकतो. जुळणीवरून फार तर कार्याची योग्यता सांगता येते. वेधशाळेच्या भाषेत या योग्यतेला 'शक्यता' म्हणतात.

वळवाच्या बाबतीत अडथळे येतात तरी किती! जमीन तापली पाहिजे. समुद्रावरून ओलावा आला पाहिजे. कोरडा आणि दमट वारा कुठेतरी एकमेकांना भिडले पाहिजेत. वर गार हवा पाहिजे. हे सगळं जमलं, तर बघता बघता ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोचतो, तिथे अडतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. मग ढगातूनच गार हवेचा लोट खाली कोसळतो, धूळ उठते, मातीचा वास येतो आणि त्या लोटामुळे ढगाचं स्वतःचंच इंधन तुटतं. अशा एकट्या ढगाचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. त्याची रुंदी पाच-दहा किलोमीटर. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं म्हणतात, ते उगाच नाही.

असा ढग संगणकाच्या जाळीत पकडायचा म्हणजे मासळीच्या जाळ्याने डास धरण्यासारखं आहे. भारतीय हवामान विभाग १२ किलोमीटर चौकटींचं जागतिक मॉडेल वापरत होता. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' कामाला लागली, तिच्या चौकटी ६ किलोमीटरच्या आहेत. जगात ही बारीक जाळी समजली जाते. तरीही आख्खा वळवाचा ढग तिच्या एक-दोन चौकटींत मावतो. शिवाय एडवर्ड लॉरेन्झचा धडा आहेच. १९६१ मध्ये त्याने संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि काही काळानंतरचं हवामान ओळखू येईना इतकं बदललं. त्यातून १९६३ चा त्याचा प्रसिद्ध शोधनिबंध निघाला. उद्या संध्याकाळी जिल्ह्यात वीज कडाडेल, हे सांगता येतं. ती कोथरूडवर की हडपसरवर, हे आदल्या दिवशी सांगणं आजच्या ज्ञानाच्या पलीकडचं आहे.

वेधशाळा हे लपवत नाही. तिचा 'तुरळक' हा शब्द सैलसर वाटतो, पण तो मोजून वापरलेला असतो. एखाद्या विभागातल्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल, तर 'काही ठिकाणी'. म्हणजे ज्या दिवशी 'तुरळक' सांगितलं, त्या दिवशी वेधशाळेने तीन-चतुर्थांश केंद्रं कोरडी राहतील असंही सांगितलेलं असतं. ऐकणारा 'पाऊस' एवढाच शब्द उचलतो, आपल्या गच्चीवर थेंब पडला नाही की अंदाज चुकला म्हणतो.

प्रत्यक्ष हे सगळ्यांत भक्कम प्रमाण, असं चार्वाकांचं म्हणणं. ते अनुमान मानत नसत. टेकडीवरचे काकाही थोडेसे चार्वाकच: डोळ्याला दिसेल ते खरं. पण पावसाच्या बाबतीत प्रत्यक्षही अडचणीचं आहे, कारण ते एका जागेचं असतं. पाषाणला रस्ते वाहू लागले, तरी शिवाजीनगरचं पर्जन्यमापक कोरडं असू शकतं. लोहगावात गारा पडल्या, तरी पाषाणला ऊन. पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी कोसळलेला वळीव बुधवारच्या आकड्यात दिसतो. मंगळवारचा शून्य मिलिमीटर पाहून संतापणारा माणूस खोटं बोलत नाही. त्याने फक्त आपली गच्ची आणि आपलं घड्याळ प्रमाण धरलेलं असतं.

अविश्वासाला कारणंच नव्हती, असं मात्र नाही. २००२ च्या मोसमी पावसासाठी १०१ टक्क्यांचा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. जुलै कोरडा गेला, पेरण्या करपल्या. हंगामाचा अंदाज आणि तीन तासांचा इशारा या निराळ्या विद्या आहेत, हे ज्याचं बियाणं मातीत गेलं त्याला समजावत बसण्यात अर्थ नसतो.

मग अंदाज खरा की खोटा, हे ठरवायचं कसं? अमेरिकेत १८८४ साली या प्रश्नाची मोठी गंमत झाली. जॉन फिन्ली या लष्करी हवामान अधिकाऱ्याने टोर्नेडोंचे २८०३ अंदाज वर्तवले आणि त्यांतले ९६.६ टक्के बरोबर ठरल्याचं सांगितलं. त्यावर कोणीतरी हिशेब मांडला: रोज नुसतं 'टोर्नेडो येणार नाही' म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते! फिन्लीने 'येणार' म्हटलेल्या १०० वेळांपैकी टोर्नेडो आले २८ वेळा. तरीही 'येणार नाही' म्हणणारा आळशी त्याच्यापेक्षा शहाणा ठरत नाही, कारण त्या २८ वेळा आळशाने कुणालाच सावध केलं नसतं. 'आज काही होत नाही' असं रोज म्हणणारे काका मे महिन्यात बहुतेक दिवस बरोबर ठरतात. ते याच आळशाच्या पंगतीतले.

ज्या विधानाला चुकण्याची सोय नाही, त्याच्यावर संशय घेणंही अवघड होऊन बसतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं, यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. शेकडो वर्षांची ही परंपरा ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. 'पहिल्या महिन्यात कमी, दुसऱ्यात साधारण, तिसऱ्यात चांगला' हे भाकीत नेमकं कोणत्या गावात, किती मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे खोटं ठरेल, हे मांडणीत कुठेच नसतं. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाचंही तेच. वाहन म्हैस असो की बेडूक, त्याच्याकडे सकाळी साडेआठला कोणी हिशेब मागत नाही. वेधशाळा मात्र दर दिवशी स्वतःला खोटं ठरवायची संधी देते, आणि म्हणून तीच विनोदाचा विषय होते. श्रद्धेला मिळणारी सवलत तिला नाही. तिने ती मागूही नये.

आता रेनकोट. दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेत झालेल्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त चार्वाकाला गाठलं ते याच मुद्द्यावर. संशयाला हद्द असते, आणि ती माणसाच्या वागण्यात सापडते, असं त्यांचं म्हणणं. धुराचा आणि अग्नीचा संबंध आहे की नाही, अशी शंका जो घेतो, तोही धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. मग त्याची शंका खरी कशी म्हणायची? पुढे श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने उदयनांचाच श्लोक फिरवून त्यांच्यावर उलटवला: विसंगती दाखवता, म्हणजे शंका होती हे तुम्हीच कबूल केलंत! हा वाद मग नव्यन्यायापर्यंत चालला. पण टेकडीपुरतं उदयनांचं माप पुरेसं आहे. वेधशाळेवर हसणाऱ्या काकांनी रेनकोट आणला, तेव्हाच त्यांनी 'तुरळक' या शब्दाला त्याची खरी किंमत दिली. तोंडाने त्यांनी ती शून्य सांगितली, पिशवीने पंचवीस टक्के. पिशवीचं उत्तर जास्त प्रामाणिक आहे.

म्हणून या मंडळींच्या संशयाला नावं ठेवायचं कारण नाही. वाऱ्याची दिशा, ऐरणीचा कल, रडारवरचे लाल ठिपके हे सगळं बघून घेतलेला संशय हा नैयायिकाला हवा होता तसाच आहे: फेस आहे का, पाचोळा आहे का, हे तपासणारा. त्याला एका वहीची जोड मिळाली, तर तो आणखी कामाचा होईल. सकाळचा अंदाज, आपला अंदाज आणि दुसऱ्या दिवशीच्या साडेआठच्या नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या, तर एका उन्हाळ्यात कळेल, कोण किती वेळा फसलं.

एका बाबतीत मात्र ही वही भरत बसू नये. देशात विजेने दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात, त्यांतली पुष्कळशी शेतात किंवा झाडाखाली. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे ॲप आहे, पण ते उघडायलाही वेळ नसेल, तर आकडे मोजावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा कॅमेरा बंद करावा आणि टेकडी उतरावी. एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत परत वर चढू नये.